विंगेतली अनुया

"पाठव माझ्याकडे. दोन वर्षांत दगड करून दाखवते तिला!"

वासंतीआत्या भुसावळहून बोलत होती आणि रूपालीला ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकू येत होतं. जयपूर लांब आहे, म्हणून फोनवरही ओरडायला हवं, असं आत्याचं मत होतं. श्रीधरने रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरला.

"बघू, ताई. दसऱ्याच्या सुट्टीत येतोच आहोत आम्ही."

"येतो नको म्हणूस, घेऊन येतो म्हण! माझ्या होस्टेलात एवढ्या मुली आहेत, एकतरी रडताना दिसते का बघ. सुरुवातीला रडतात. मग कळतं त्यांना, की बघायला कोणी नाही. मग गप होतात."

रूपालीने दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला आणि मागच्या खोलीत डोकावली. अनुया पालथी पडून कचोरीच्या पुडीचा कागद वाचत होती. तेलाचा डाग जिथे पडला होता, तिथली अक्षरं ती कागद उजेडासमोर धरून वाचे. तिला फोन ऐकू आला नसावा, असं रूपालीने ठरवून टाकलं. ठरवलं म्हणून तसं असतंच असं नाही.

अनुया श्रीधर भंगाळे, वय अकरा, इयत्ता सहावी, राहणार रेल्वे कॉलनी, जयपूर. एवढ्या ओळीत मावणारी मुलगी नव्हती ती. वडील सिग्नल खात्यात, मूळचे भुसावळचे, बदलीने इथे आलेले. स्कूटरवर पुढे उभी राहायची तेव्हापासून ती स्टेशनांच्या पाट्या वाचत होती. कोणी शिकवलं नव्हतं. पहिलीत असताना तिने वर्गातल्या बाईंना विचारलं होतं, की ट्यूबलाइट दिवसभर एकच सूर धरून गाते, ती थकत नाही का? बाईंना सूरच ऐकू येत नव्हता. अनुयाला तो इतका ऐकू यायचा, की ती कानांत बोटं घालून पाढे लिहायची, आणि ते सगळे बरोबर यायचे.

ते कौतुकाचं. पण मग बाकीचं होतं. कॉलनीतलं कडुनिंबाचं झाड तारांना लागतं म्हणून तोडलं, तेव्हा ती जेवली नाही, आणि ती हट्टाने उपाशी राहत नव्हती. घास तोंडात घ्यायची आणि तो खाली जायचाच नाही. शाळेत एका मुलाला उन्हात उभं केलं, तर ही आपली जागा सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तू क्यों खडी है?" बाईंनी विचारलं. "मैडम, मुझे अंदर बैठकर भी धूप लग रही थी." बाईंनी रूपालीला बोलावून घेतलं. "भाभीजी, बच्ची होशियार तो बहुत है. पर इसके ऊपर चमडी नहीं है. हवा भी लगती है इसको."

रूपाली ते वाक्य घेऊन घरी आली. तेव्हापासून तिला अनुयाच्या अंगावरून हात फिरवायचीही भीती वाटे.

मराठी मंडळात डॉक्टर विजयालक्ष्मी होत्या, जयपुरातल्याच मानसरोवर वसाहतीत राहायच्या. त्यांना तिने एकदा कोपऱ्यात गाठून विचारलं, "हा काही आजार असतो का हो?"

"आजार नाही. रेडिओचं बटण काही मुलांचं मोठ्यावरच असतं, रूपालीताई. अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं सगळंच मोठ्यावर, डोकंही आणि मनही. पण बटण एकच. एक कमी करायला जाल, तर दुसरंही कमी होईल."

"मग मी काय करू?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. निदान खरं तरी बोलल्या.

श्रीधरचा या बटणावर विश्वास नव्हता. त्याचा विश्वास मागच्या वर्षीच्या गणपतीवर होता.

मंडळाचा गणपती रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये बसायचा आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी मुलांचं नाटक व्हायचं. बाराही महिने हिंदी बोलणारी पोरं त्या एका संध्याकाळी शुद्ध मराठी बोलायची आणि आयांचे डोळे भरून यायचे. मागच्या वर्षीच्या नाटकात भाकरी चोरणाऱ्या चोराला गावकरी बडवतात, असा प्रवेश होता. चोर झाला होता विशाल, हातातल्या काठ्या पुठ्ठ्याच्या. तिसऱ्या फटक्याला प्रेक्षकांतून एक मुलगी उठली, खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर चढली आणि विशालच्या अंगावर आडवी झाली. "मारू नका! भाकरीच घेतलीय त्याने! तुम्ही काय उपाशी मरणार होतात?"

आधी सगळ्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. मग विशाल खालून ओरडला, "अनु, हट ना यार! मेरा डायलॉग है!" आणि हॉल हसला. पहिल्या रांगेतले मोठे साहेब तर रुमाल तोंडाला लावून हसले. अनुयाने मान वर करून सगळी तोंडं पाहिली. ती तोंडं पाहतानाचा तिचा चेहरा रूपालीला पुढे कधीच विसरता आला नाही. त्यानंतर ताप, मग शाळा नको, मग बोलणंच नको. कॉलनीतली पोरं "ए भाकरीवाली" म्हणायची, ते दिवाळीपर्यंत चाललं. श्रीधरला ड्यूटीवर साहेबांनी विचारलं, "भंगाळे, आपकी हीरोइन कैसी है?" तो हसला होता, आणि घरी येऊन त्याने बूट भिंतीवर फेकला होता.

म्हणून या वर्षी तालमीच्या हॉलमध्ये अनुयाने पाऊल टाकायचं नाही, असा घरातला नियम होता.

पाऊल तिने टाकलंच नाही. ती बाहेर खिडकीखाली पायरीवर बसायची.

नाटक लिहिणारे आणि बसवणारे सुधाकरकाका मालगाडीवर गार्ड होते, निवृत्तीला आलेले. गाडीतल्या एकांतात त्यांना नाटकं सुचायची. या वेळचं नाटक एका म्हाताऱ्या उंटाचं होतं. विहिरीचं पाणी ओढून ओढून तो थकतो, गाव ठरवतं की याला आता वाळवंटात सोडून द्यायचं, आणि चिमी नावाची मुलगी त्याला निरोप देते. उंट दोघांचा मिळून होता. पुढे यश, मागे विशाल, वरून गोणपाट. चिमी होती सोनम, डॉक्टर विजयालक्ष्मींची मुलगी.

एका तालमीत सोनम अडली. "या गावाने तुझं पाणी प्यायलं, आणि... आणि..."

"आणि तुझ्या तहानेचा हिशेब ठेवला नाही," खिडकीबाहेरून आवाज आला.

काकांनी वही खाली ठेवली. खिडकीशी जाऊन वाकून पाहिलं.

"कोण आहे गं?"

"मी कोणी नाही. मी बाहेर आहे."

"ते दिसतंय मला. पुढचं येतं?"

"येतं."

"उंटाचं?"

"उंट बोलत नाही, काका. पण तो कुठे श्वास सोडतो, ते येतं."

सुधाकरकाका तसेच, पायात चपला न घालता, भंगाळ्यांच्या दारात आले. त्यांची नेहमीची प्रॉम्प्टर, गिरिजाकाकू, नवऱ्याची बदली होऊन रतलामला गेली होती. "रूपाली, मला पोरगी दे. स्टेजवर नको. विंगेत."

"काका, तिला नको." रूपालीच्या हातातली परात तिच्याच नकळत पोटाशी घट्ट आली. "तुम्ही पाहिलंय ना मागच्या वर्षी?"

"पाहिलं म्हणूनच मागतोय. एवढं वाटणारी माणसं प्रेक्षकांत बसवायची नसतात. धोका असतो त्यात."

श्रीधर रात्रपाळी करून येऊन चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "जाऊ दे तिला. पण एवढंच शेवटचं. परत तसा तमाशा झाला, तर दसऱ्याला भुसावळ. ताईकडे. पास काढून ठेवलाय मी, रूपाली, आता रडू नकोस. तिला बाहेरचं जग सोसत नाही, तर बाहेरच्या जगात राहायला शिकू दे."

"अहो, हळू. ती बाहेर दात घासतेय."

"घासू दे."

बाहेर चूळ भरल्याचा आवाज जरा उशिरा आला.

तालमी सुरू झाल्या आणि रूपालीचा जीव टांगणीला लागला. भाजी निवडता निवडता ती इन्स्टिट्यूटच्या दिशेला कान लावून बसायची. हसण्याचा आवाज आला की उठायची. शेवटी तिने सरळ जाऊन मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायची, "गौरीची झालर शिवायचीय, इथे उजेड बरा आहे."

काकांनी खडूने विंगेत जमिनीवर रेघ मारली. "हे बघ अनुया. गार्ड कुठे बसतो?"

"शेवटच्या डब्यात."

"इंजिन त्याला दिसतं?"

"वळणावर दिसतं."

"शाब्बास. गाडी ओढायचं काम इंजिनाचं. लोक टाटा करतात ते इंजिनाला. गार्डाने फक्त हिरवं दाखवायचं. प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा गार्ड. ही रेघ म्हणजे तुझा डबा. गार्डाने गाडीतून उतरायचं नाही. काहीही झालं तरी. कळलं?"

"काहीही म्हणजे काहीही?"

"काहीही."

"आग लागली तर?"

"आग लागणार नाही."

"पण लागली तर?"

"अनुया!"

"बरं. नाही उतरणार."

आणखी दोन नियम होते. शब्द द्यायचा तो पहिलाच, सगळं वाक्य नाही; आणि द्यायचा तो पोटातून, घशातून नाही, म्हणजे तिसऱ्या रांगेला ऐकू जात नाही. हे दोन्ही अनुयाला असे जमले, की काका चकित झाले. यशची मान खाली जायच्या आधी तिचा श्वास थांबायचा. विशाल मागचे पाय उलटे टाकायचा, तर ही विंगेत बसून जमिनीवर बोटांनी पावलं वाजवायची आणि गोणपाटाखालचा विशाल सुधरायचा. ती सगळ्यांचं सगळं एकदम सोसत होती, आणि एरवी तिला आजारी पाडणारं ते सोसणं तिथे कामाला लागत होतं. रूपालीला हे दिसत होतं. पण त्याबरोबर तिला हेही दिसत होतं, की निरोपाचा प्रवेश आला, की अनुयाचे पाय रेघेकडे सरकतात. दर वेळी. बोटं रेघेवर यायची आणि थांबायची. घरी आल्यावर ती ओकायची.

"बाळा, नको करूस. काकांना सांगू आपण."

"नाही आई. मतलब... करायचंय मला." आणि मग पाठ केल्यासारखं: "मला बाहेरच्या जगात राहायला शिकायचंय."

ते शब्द श्रीधरचे होते, हे रूपालीने ओळखलं. पण ती अनुयाचं तोंड पुसत राहिली. बोलली असती, तर सगळंच बोलावं लागलं असतं.

खरा घोटाळा सोनमचा होता, आणि तो प्रयोगापर्यंत कोणाच्या ध्यानात आला नाही. सोनमला मराठी वाचता यायचं, पण बोलताना तिची गाडी दर शब्दाला सिग्नल मागायची. म्हणून तिच्या पुण्याच्या आजीने चिमीचं सगळं भाषण कॅसेटमध्ये भरून पाठवलं होतं. सोनम शाळेच्या बसमध्येही ते ऐकायची. तिने भाषण पाठ केलं, ते कॅसेटसकट. आजी जिथे खोकलल्या होत्या, तिथे सोनम थांबायची. सगळे म्हणायचे, काय सुंदर थांबते पोरगी!

प्रयोगाच्या दिवशी उकाडा असा होता, की गणपतीपुढच्या समईची वातही वाकली होती. पंखे गरम हवा ढवळत होते. पहिल्या रांगेत मोठे साहेब सहकुटुंब. दुसऱ्या रांगेत कडेला रूपाली आणि श्रीधर. श्रीधरने कडेची खुर्ची मुद्दाम घेतली होती, आणि का, ते रूपालीला कळत होतं. तिथून विंगेत दोन ढांगांत पोचता येत होतं.

"अहो, टेकून बसा ना."

"टेकूनच बसलोय."

तो खुर्चीच्या काठावर होता.

पडदा उघडला. गाव आलं, विहीर आली, उंट आला. उंटाला टाळ्या पडल्या. रूपालीला नाटक दिसतच नव्हतं. तिला फक्त डाव्या विंगेचा काळा पडदा दिसत होता, आणि त्याच्या खालून दिसणारं अनुयाच्या परकराचं हिरवं टोक.

निरोपाचा प्रवेश लागला. सोनमने उंटाच्या गळ्यात हात टाकला.

"उंटा, माझ्या जिवाच्या उंटा. या गावाने तुझं पाणी प्यायलं, आणि तुझ्या तहानेचा..."

उंट शिंकला.

गोणपाटाची धूळ, त्याला यश तरी काय करणार? शिंक मोठी होती. उंटाची मान उडाली आणि मागून विशालचा आवाज आला, "अबे!" हॉल हसला. चांगलं, मायेचंच हसू होतं ते. पण सोनमची कॅसेट तुटली.

विंगेतून शब्द आला. रूपालीला तो ऐकू आला नाही, पण परकराचं टोक हललं, त्यावरून कळलं. सोनमने शब्द घेतला नाही. तिला मधून सुरू करताच येत नव्हतं. ती पहिल्यापासून सुरू झाली.

"उंटा, माझ्या जिवाच्या उंटा. या गावाने तुझं पाणी प्यायलं, आणि..."

तिथेच परत थांबली. परत शब्द आला. परत पहिल्यापासून.

"उंटा, माझ्या जिवाच्या उंटा..."

आता हसू वेगळं झालं. मागून एक पोरगा ओरडला, "रिवाइंड! रिवाइंड!" साहेबांच्या मुलाने टाळ्या वाजवल्या. सोनम समोर बघायला लागली, तोंडांकडे, आणि रूपालीने तो चेहरा ओळखला. मागच्या वर्षी तो तिच्या घरचा होता.

काळा पडदा जोरात ताणला गेला. कोणीतरी आतून बाहेर यायला धडपडत होतं.

"आली," श्रीधर उठला. "मी धरतो तिला."

रूपालीने त्याची बाही पकडली. का पकडली, ते तिला पुढेही सांगता आलं नाही. बाही टरकली.

"सोड, रूपाली. हसतील परत तिला."

"थांबा."

"अगं, संपेल ती पोरगी!"

"थांबा म्हणते ना!"

पडदा ताणलेलाच राहिला. बाहेर कोणी आलं नाही. आला तो आवाज. पोटातून आलेला नव्हता, कुजबुजही नव्हती. शेजारच्या घरातून हाक मारावी, तसा साधा, मोठा आवाज.

"सोनम. ते पाठ केलेलं सोडून दे."

हॉल गप्प झाला.

"लोकांकडे नको बघूस. उंटाकडे बघ. तो चाललाय ना? मग सांग ना त्याला. हिंदीत सांग. कशातही सांग."

सुधाकरकाका उजव्या विंगेत होते. स्टेजवर हिंदीचा एक शब्द चालणार नाही, हा त्यांचा नियम गणपतीइतकाच जुना होता. त्यांनी कपाळाला हात लावला.

सोनमने नाक पुसलं. उंटाकडे वळली.

"ए उंट," ती म्हणाली. "मत जा ना."

कोणी हसलं नाही.

"मतलब... जाऊ नको. तू गेलास तर मी शाळेतून आल्यावर कोणाला सांगू सगळं? मम्मी हॉस्पिटलमध्ये असते. तू ऐकतोस तरी. तुला समजत नाही, पर तू ऐकतोस." ती थांबली, आणि या वेळी ते थांबणं आजीचं नव्हतं. "तिकडे रेत खूप गरम असते. तू बूढा आहेस. तुला पानी कोण देणार?"

गोणपाटाखाली यशने काय केलं देव जाणे, पण उंट गुडघ्यांवर बसला. तालमीत तो कधीच बसला नव्हता. मागचे पाय जरा उशिराने बसले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या डॉक्टर विजयालक्ष्मींच्या हातातला व्हिडिओ कॅमेरा हळूहळू खाली गेला.

पडदा पडल्यावर टाळ्या पडल्या की नाही, ते रूपालीला ठाऊक नाही. ती विंगेत होती.

अनुया खडूच्या रेघेच्या आत बसली होती. घामाने निथळत होती, दात वाजत होते. उजवा पाय पुढे लांब होता, आणि घोट्याला मखराची सुतळी बांधलेली होती. सुतळीचं दुसरं टोक विंगेच्या बांबूला. सुतळी कातडीत रुतली होती, कडेने रक्त आलं होतं. बांबू जागेवरून हलला होता.

"कोणी बांधलं हे?" श्रीधर मागून ओरडला. "कोणी बांधलं तिला?"

"मीच, बाबा." ती त्याच्या फाटक्या बाहीकडे बघत होती. "मला माहीत होतं मी पळणार. डोकं सांगतं नको, पण पाय ऐकत नाहीत. म्हणून आधीच बांधला." मग घाईघाईने, एका दमात: "मी बाहेर नाही आले, बाबा. बोलले, पण आले नाही. तमाशा नाही झाला ना? आता भुसावळला नाही ना ठेवणार?"

श्रीधर गुडघ्यांवर बसला. सुतळी सोडवायला लागला. दिवसभर तारांच्या गाठी सोडवणारा माणूस; त्याची बोटं घसरत होती.

तेवढ्यात सुधाकरकाका आले, धोतराचा सोगा हातात, तोंड लाल. "हिंदी! माझ्या रंगमंचावर! रेत! बूढा! अगं, इतक्या वर्षांत..." आणि त्यांना पाय दिसला. ते थांबले.

"नियम मोडला मी," अनुया म्हणाली. "पण उतरले नाही. तुम्ही म्हणाला होतात, गार्डाने गाडीतून उतरायचं नाही."

काका भिंतीला टेकले. मग खाली बसले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला.

"अर्धंच सांगितलं होतं तुला. गाडी मधेच अडली, तर गार्ड उतरतो. उतरावंच लागतं. मागे चालत जातो, रुळावर चाकाखाली आले की वाजणारे फटाके लावतो, मागून येणाऱ्याला लाल दाखवतो. तेच तर त्याचं काम."

"मग मला का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुझीच की." त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं. "चुकलं माझं. कधी उतरायचं ते तुला कळतं का, एवढंच बघायला हवं होतं. बांधायला नको होतं."

"तुम्ही कुठे बांधलं? मी बांधलं."

"हो," काका म्हणाले. "सुतळी तुझी."

श्रीधरला गाठ सुटेना. शेवटी त्याने ती दातांनी तोडली. रूपालीने पदराचं टोक ओलं करून घोट्यावर धरलं, तशी अनुया कळवळली आणि मगच मोकळी रडली. मोठ्याने, बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असं. रूपालीच्या तोंडात सवयीने "शूऽ" आलं होतं. श्रीधरने तिच्याकडे पाहून मान हलवली. तिने ते गिळलं.

"दसऱ्याला भुसावळला जाऊ," श्रीधर म्हणाला. अनुयाचं रडणं तिथेच थांबलं. "सगळे जाऊ. आत्याकडचं भरीत खाऊ. आणि परत येऊ."

"परत कोण कोण?"

"सगळे."

"हे खरं बोलताय, की मी आत्ता रडतेय म्हणून?"

श्रीधरने हातातला सुतळीचा तुकडा पाहिला. "माहीत नाही मला. पण परत सगळेच येऊ. आणि हे बघ, मला तुझी काळजी वाटायची ती थांबणार नाही."

"मला पण वाटते," अनुया म्हणाली. "माझीच."

दसऱ्याला ते गेले आणि सगळे परत आले. वासंतीआत्या स्टेशनवर म्हणाली, "डोक्यावर बसवून ठेवलीय पोरीला, बघा पुढे." रूपालीने गाडीच्या खिडकीतून तिला नमस्कार केला. पुढे काय, हे तिलाही माहीत नव्हतं.

अनुया काही नटी वगैरे झाली नाही. प्रत्येक गणपतीत ती विंगेत बसली. प्रत्येक प्रयोगानंतर तिला ताप यायचा, आणि तापात ती लोकांची भाषणं बरळायची. शाळेत तिची भांडणं होत राहिली. पण आता उन्हात जाऊन उभं राहण्याआधी ती बाईंना विचारायची, "मैडम, इसने किया क्या है?" कधीकधी तेवढ्याने काम व्हायचं. कधी नाही व्हायचं. मग ती जाऊन उभी राहायची. मंडळातल्या नवख्या पोरांना ती वाक्यं पाठ करू द्यायची नाही. "आधी मला तुझ्या भाषेत सांग," म्हणायची. सुधाकरकाकांनी हिंदीबद्दल तोंड वाकडं करायचं सोडलं नाही, पण तालमीत त्या वेळी ते चहा प्यायला बाहेर जायचे.

उंटाच्या नाटकाच्या पुढच्या वर्षी, तिसरी घंटा व्हायच्या आधी, रूपाली झालरीचं निमित्त करून विंगेत डोकावली होती. अनुया वही मांडीवर घेऊन बसली होती, परकर गुडघ्यांवर ओढून. पाय मोकळे होते. पायांशी, हात पुरेल एवढ्या अंतरावर, सुतळीचा एक गुंडा होता.

"हे कशाला गं?"

"असू दे, आई. बांधलेली नाहीये."

घंटा झाली. रूपाली आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. कडेच्या खुर्चीवर श्रीधर होता, काठावर. तिने त्याची बाही धरली, आणि पडदा उघडला.